पहिल्या खुणेवरची खीळ

१४ ऑगस्ट

रक्तदाब १५२/९४. ही वही आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी दिली. रोज आकडा लिहायचा, आणि जमलं तर दिवस कसा गेला तेही दोन ओळींत लिहायचं. एकट्या माणसाला बरं असतं, असं त्या म्हणाल्या. लष्कराच्या डेपोत चौतीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, रोज नोंदवही भरली, पण दिवस कसा गेला हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा सवय नाही.

दुपारी सुलो आला. माझा थोरला भाऊ, बहात्तर वर्षांचा. न विचारता कॉफी ओतून घेतली आणि टेबलावर स्वतःची रायफल ठेवली. शेजारी खोक्यातला कोरा सायलेन्सर.

"हा डबा बसवून दे."

"तूच म्हणायचास ना, डबा लावून शिकार म्हणजे मोजे घालून सौनात वाफ घ्यायला बसणं?"

"कानाच्या डॉक्टरणीने दम दिलाय, बारक्या. हसू नकोस."

त्याचा डावा कान लाकडाच्या गिरणीत गेला. त्याच गिरणीने उजव्या हाताचा अर्धा अंगठा आणि मधली दोन बोटंही नेली. उजवा कान अर्धामुर्धा उरलाय. यंदाचा हंगाम उघड्या बंदुकीने खेळला तर तोही जाईल, असं डॉक्टरणीने स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, कानाला टोप्या लाव. तर म्हणाला, "टोप्या लावल्या तर रायकू कसा ऐकू येणार?"

रायकू त्याचा करडा कुत्रा. रानात मूस हरणाला गाठायचं, एका जागी रोखून धरायचं आणि मालक येईपर्यंत भुंकत राहायचं, हे त्याचं काम. सुलोची शिकार म्हणजे ते भुंकणं. मूस पडला नाही तरी त्याचं बिघडत नाही, भुंकणं ऐकू आलं पाहिजे. गळ्यातल्या पट्ट्यामुळे कुत्रा कुठे आहे, मिनिटाला किती वेळा भुंकतोय, सगळं फोनवर दिसतं. सुलो म्हणतो, बायकोचं पत्र पोस्टमनने वाचून दाखवल्यासारखं वाटतं ते.

बंदूक ठेवून घेतली.

१९ ऑगस्ट

१४८/९२. खडीच्या खाणीत गेलो, सुलोला घेऊन. सोबत जुनी पांढरी चादर.

ही रायफल आपोआप पुढची गोळी भरते, म्हणून तर त्याने घेतली. तशा हाताने दर गोळीला बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, ओढणं त्याला जमत नाही. सकाळी पहिली गोळी तेवढी डाव्या हाताने आडवं होऊन भरतो, पुढचं बंदूक बघते. गोळी सुटताना नळीतला थोडा गॅस एका भोकातून पिस्टनला मागे ढकलतो, तो रिकामी पुंगळी फेकतो आणि परत येताना नवी गोळी आत घेतो. तोंडाला डबा लावला की गॅसला बाहेर पडायला उशीर होतो, तो उलटा येतो आणि पिस्टनला लाथ बसते. म्हणून गॅस कमी करावा लागतो. त्यासाठी पुढे एक छोटी फिरकी आहे, तिच्यावर तीन खुणा. डबा असेल तर पहिली, नसेल तर दुसरी, बंदूक घाण झाली असेल तर तिसरी. एवढंच गणित आहे, पण कारखान्यातून ते कधीच नेमकं येत नाही. पहिल्या खुणेवर याच्या बंदुकीला अजूनही जास्त गॅस मिळत होता.

चादर उजवीकडे पसरली. पहिली पुंगळी चादरीच्या पार पलीकडे, ब्लूबेरीच्या झुडपात गेली.

"हिला कुठे घाई आहे एवढी?" सुलो.

मी घरी येऊन पहिल्या खुणेचं भोक अजून बारीक केलं, परत गेलो, पुन्हा आलो. चौथ्या फेरीला पुंगळ्या चादरीच्या मधोमध पडायला लागल्या, एकीशेजारी एक. डोळ्यांत धूर नाही, धक्का मऊ. सुलोने वाकून त्या उचलल्या, तीन राहिलेल्या बोटांच्या मुठीत धरल्या आणि म्हणाला, "अंडी गोळा करतोय असं वाटतंय."

मला बरं वाटलं. डेपोतून निवृत्त झाल्यापासून इतकं नेमकं काम हातून झालं नव्हतं.

२४ ऑगस्ट

१४५/९०. सुलो नेमबाजीची परीक्षा पास झाला. चारही गोळ्या आत. येताना त्याच्या बायकोने, ओनेर्वाने, केलेल्या कारेलियन पुऱ्या दिल्या, पातळ पारीत बटाटा भरून भट्टीत भाजलेल्या. सात खाल्ल्या, म्हणून कदाचित उद्याचा आकडा वाढेल.

७ सप्टेंबर

१६०/९८. सुलोवर ओरडलो.

सराव करताना त्याने फिरकी तिसऱ्या खुणेवर नेली, डबा लावलेला असताना. का, तर "जरा जोर यावा म्हणून". पिस्टन असा मागे आला की वरचं झाकण उडून त्याच्या गालाला लागलं. डोळा दोन तास पाण्याने धुवावा लागला. दोन टाके.

संध्याकाळी ओनेर्वा आली. पंचेचाळीस वर्षं झाली त्यांच्या लग्नाला, आणि माझ्याकडे ती एकटी आलेली मला आठवत नाही. दारातच उभी राहून बोलली.

"एल्यास, तो डबा काढून टाकणार बघ. मला माहितीय. मित्रांनी चिडवलं की काढेल. घरात मी हाक मारते ती त्याला ऐकू येत नाही, रेडिओ ऐकू येत नाही. कुत्रा तेवढा ऐकू येतो. तेवढं ऐकू येणंही गेलं तर माणूस बसून राहील खिडकीत."

"मग मी काय करू?"

"त्याला तो काढता येऊ नये असं काहीतरी कर. तुला येतं सगळं."

९ सप्टेंबर

१५०/९२. केलं.

डबा अगदीच काढता येणार नाही असं करणं बरोबर नाही, बंदूक साफ करावी लागते. मी त्यापेक्षा बरी युक्ती केली. फिरकी पहिल्या खुणेवर आणून तिच्यात बारीक खीळ ठोकली. आता ती फिरत नाही. सुलो चुकीच्या खुणेवर नेऊ शकणार नाही, आणि डबा काढून फुशारकी मारायला गेलाच तर गॅस इतका कमी की बंदूक एक गोळी मारून रुसून बसेल. दोनदा असं झालं की आपणहून डबा परत लावेल. माणसाला सांगून कळत नाही, बंदुकीने सांगितलं तर कळतं.

हे शेवटचं मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर पक्कड घेऊन खीळ उपटायला बसेल. मी त्याला ओळखतो.

त्याने फिरकीवर अंगठ्याचं थोटूक घासून बघितलं.

"अडकवलीस होय?"

"चुकायची सोय ठेवली नाही."

"आणि हाक मारायची झाली तर? डब्यातून कुणाला ऐकू जाणार?"

वडिलांचा नियम त्याच्या डोक्यात होता. आमच्या घरात तो जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकाच पक्का होता. रानात एक बार ऐकू आला तर मूस पडलाय, कॉफी ठेवा. ओळीने तीन आले तर माणूस अडचणीत आहे, धावा. नऊ वर्षांचा असताना मी क्लाउडबेरी वेचता वेचता दलदलीत हरवलो होतो. तेव्हा सुलोने वडिलांची बंदूक घेऊन दर पंधरा मिनिटांनी तीन बार टाकले, आणि मी त्या आवाजाच्या दिशेने चालत आलो. तो तेव्हा चौदाचा. त्या दिवशी वडिलांनी त्याला मोठ्या माणसाच्या कपात कॉफी दिली.

"फोन आहे ना तुझ्याकडे," मी म्हटलं. "आता कोण बार टाकतं?"

"खरंय," म्हणाला आणि बंदूक पिशवीत घातली.

३० सप्टेंबर

१४६/९०. बर्च पिवळे झाले. विशेष काही नाही.

१२ ऑक्टोबर

हंगामाचा पहिला दिवस. आकडा घ्यायला विसरलो.

सकाळी नऊला रायकूने मूस धरला. मी सुलोच्या मागे शंभर पावलांवर होतो. तो उभा राहिला, टोपी मागे सारली आणि उजवा कान रानाकडे करून डोळे मिटले. कितीतरी वेळ. मग माझ्याकडे वळून बोटाने हवेत टोचलं, तिकडे, तिकडे. मला ते भुंकणं त्याच्यानंतर ऐकू आलं.

तासाभराने मूस पडला. डब्यातून आलेला आवाज रानातल्या शेकोटीच्या आडोशाला बसलेल्या आमच्या साथीदारांपैकी कुणालाही ऐकू गेला नाही. सुलोने फोन करून सांगितलं.

आमच्या शिकार मंडळाचा म्होरक्या कौको फोनवरच चिडला. "अरे, आम्ही कॉफी कधी ठेवायची मग? तुझा एल्यास बंदुकीची जीभ कापून बसलाय."

सुलो हसला. मीही हसलो. आजच्याइतकं सुखी मी त्याला लहानपणीच पाहिलं असेल.

३ नोव्हेंबर

१४४/८८. थंडी उणे सात. बंदूक आणून पुन्हा चादरीवर तपासली, थंडीत तेल घट्ट होतं म्हणून. पुंगळ्या अजूनही चादरीवरच पडतात. ओनेर्वा म्हणाली, सुलो आता रेडिओच्या बातम्याही ऐकतो, आवाज थोडाच मोठा लागतो. तिने माझा हात धरला. मी बंदुकीबद्दलच बोलत राहिलो.

१६ नोव्हेंबर

सुलो गेला.

१८ नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. आज लिहितो, क्रमाने, डेपोत अपघाताची नोंद करायचो तशी.

शनिवार. उणे नऊ, वारा नाही, पातळ बर्फ, दलदल वरून गोठलेली, खालून नाही. सुलो रायकूला घेऊन उत्तरेच्या दलदलीकडे गेला. आम्ही पाच जण शेकोटीच्या आडोशाला होतो, तिथून साधारण पावणेदोन किलोमीटरवर. वाजले होते अकरा चाळीस. एक बार ऐकू आला. मोठा, उघडा, स्पष्ट.

कौको म्हणाला, "कुणाचा?"

दुसरा एकजण म्हणाला, "सुलोचा असा येत नाही. त्याचा डब्यातला असतो."

फोनवर रायकूचा ठिपका बघितला. दलदलीच्या कडेला एका जागी थांबलेला, भुंकणं शून्य. कुत्रा पडलेल्या मूसजवळ बसतो तेव्हा असंच दिसतं. म्हणजे सुलोचाच. कौको म्हणाला, "शाबास म्हातारा," आणि कॉफीची किटली विस्तवावर ठेवली. एक बार. पुढचा नियम कुणी कुणाला सांगावा लागत नाही.

फोन उचलत नव्हता. मूस सोलताना कुणाचे हात कोरडे असतात? आम्ही वाट बघितली. तिकडे जायचं नाही, हाक मारेल तेव्हा ओढायला जायचं, अशी पद्धत आहे. सॉसेज भाजले. दीड वाजता कौको उठला, म्हणाला, आता फार झालं. दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो.

तो दलदलीच्या कडेच्या आडव्या पडलेल्या पाइनखाली होता. खोडावरून घसरला होता. डावा हात खांद्यापाशी मोडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, कमरेपर्यंत भिजलेला. फोन बर्फ फुटलेल्या पाण्यात, हातभर खाली. रायकू त्याच्या छातीवर आडवा होता. आम्ही आलो तेव्हा त्याने डोकं उचललं नाही.

मूस नव्हता. रक्त नव्हतं. खुरांचे ठसे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, थंडीने आणि आतल्या रक्तस्रावाने. पडल्यावर तास-दीड तास तरी जिवंत असावा.

ओनेर्वाला कौकोने सांगितलं. मी गाडीतच बसलो होतो.

२२ नोव्हेंबर

१७१/१०४. नर्सबाईंनी फोन करून गोळी वाढवली.

पोलिसांकडची बाई आली. तरुण आहे, नीट बोलते. बंदूक माझ्याच टेबलावर ठेवली, म्हणाली, तुम्ही जाणकार आहात, बघून सांगा. सायलेन्सर काढून शेजारी शेवाळावर ठेवलेला सापडला. त्याभोवती सुलोचा मफलर गुंडाळलेला होता, पकड यावी म्हणून. गुडघ्यांत धरून उजव्या हाताने फिरवला असणार. बंदुकीत कायद्याप्रमाणे तीनच गोळ्या मावतात. एक उडालेली, तिची पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत अर्धी अडकलेली. दोन तशाच आत.

"त्यांनी सायलेन्सर का काढला असेल?" तिने विचारलं.

"मूस दिसला असेल. घाईत असेल."

"सायलेन्सर काढायला घाईत कोण बसेल?"

मी अडकलेली पुंगळी बोटाने चाचपली.

"आणि बंदूक का अडकली?"

"थंडी," मी म्हटलं. "तेल घट्ट होतं."

तिने लिहून घेतलं. गेल्यावर मी तेल तपासलं. पातळ होतं. मीच घातलेलं, हिवाळ्याचं.

२३ नोव्हेंबर

कदाचित खरंच मूस दिसला असेल. ठसे गोठलेल्या जमिनीवर उमटत नाहीत नेहमी.

२५ नोव्हेंबर

बर्फ होतं. ठसे उमटले असते.

३० नोव्हेंबर

मंडळाची मेजवानी. दरवर्षी जमीनमालकांना मूसचं सूप देतो, ते यंदाही दिलं. सुलोने पहिल्या दिवशी पाडलेला मूस होता तो. मी सूप घेतलं नाही.

ओनेर्वा आली होती, सगळ्यांनी नको म्हटलं तरी. ती वाढत होती, दरवर्षी वाढते तशी. रायकू तिच्या पायाजवळ. एका म्हाताऱ्याने तिला म्हटलं, "आमच्या कानावर तर तो एकच बार आला. तीन आले असते तर..." आणि कौकोने त्याला कोपराने ढोसलं.

ओनेर्वा मला म्हणाली, "निदान कान तरी होते त्याला शेवटपर्यंत. रायकू ऐकू येत असेल त्याला तिथे. ते तुझ्यामुळे."

तिने माझे आभार मानले. सगळ्यांसमोर. मी पळी हातात घेतली आणि ज्याला नको होतं त्यालाही वाढलं.

५ डिसेंबर

दफन झालं. जमीन खणायला यंत्र लागलं. पाद्री बाई छान बोलल्या, मला आठवत नाही काय.

६ डिसेंबर

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांसारख्या. समोर सुलोच्या घरीही दोन होत्या. दरवर्षी त्या तो लावायचा, त्या हाताने काडी धरत आणि शिव्या देत.

लिहूनच टाकतो.

सुलोने बार मूसवर टाकला नाही. त्याने हाक मारली. डब्यातून हाक जाणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून एक हात मोडलेला असताना, भिजलेल्या अंगाने त्याने तो डबा काढला. किती वेळ लागला असेल. तीन गोळ्या होत्या, तीनच लागतात. पहिली उडाली. पुढची बंदुकीने भरली नाही, कारण गॅस पहिल्या खुणेवर होता, आणि फिरकी फिरली नाही, कारण मी खीळ ठोकली होती. बोल्ट ओढायला डावा हात लागतो. फिरकीवर ओरखडे आहेत. नखाचे आहेत. पोलीस बाईने पाहिले नाहीत, मी पाहिले.

अजून एक आहे. अकरा चाळीसला तो बार ऐकला तेव्हा मला कळलं होतं की सुलोने डबा काढलाय, म्हणजे बंदूक एका गोळीवर अडकणार. बाकी कुणाला नाही, मला कळलं. आणि मी मनात म्हटलं, आता रुसून बसली असेल, बरी खोड मोडली. किटलीतून कॉफी ओतून घेताना मी हसलो. कौकोने विचारलं, काय रे. मी म्हटलं, काही नाही.

हे त्या बाईला सांगायला हवं होतं. ओनेर्वाला सांगायला हवं. पण ओनेर्वानेच मला म्हटलं होतं, त्याला काढता येऊ नये असं कर. मी माझं सांगितलं की तिलाही तिचं आठवणार. मग वाटतं, थंडीने अडकली, हेच राहू दे. वाटतं आणि लगेच फिरकीवरचे ओरखडे दिसतात.

७ डिसेंबर

शनिवार. मंडळ रानात होतं, त्याच आडोशाला. मी गेलो नव्हतो. सुलोची बंदूक परवान्याचं काम होईपर्यंत माझ्याकडे ठेवायला दिली आहे. सकाळी खीळ काढली. बसवायला दहा मिनिटं लागली होती, काढायला दोन. फिरकी दुसऱ्या खुणेवर नेली. डबा घरीच ठेवला.

त्या आडव्या पाइनपाशी गेलो. बर्फ आता गुडघाभर आहे. घड्याळ काढलं. जमिनीकडे तोंड करून, ओळीने तीन बार टाकले. बंदूक छान चालली. तिन्ही पुंगळ्या उजवीकडे, दोन पावलांवर, बर्फात तीन भोकं.

मग उभा राहिलो. खरं तर मला वाटलं होतं कुणी येणार नाही. आता कोण मानतं, फोन असतात. मला तसं हवंही होतं.

आधी माणसांचे आवाज आले, मग झाडांतून कौको. तोंड लालभडक, टोपी नाही, खांद्यावर प्रथमोपचाराची पिशवी. मागे दोघं, त्यातल्या एकाला धाप लागून बोलता येत नव्हतं. शिकार अर्धी सोडून आले होते.

"कोण? कोण पडलंय?" कौको ओरडत होता. मला उभा पाहून तो थांबला. "एल्यास, काय झालं?"

"किती वाजले?"

"काय?"

मीच घड्याळ बघितलं. सतरा मिनिटं झाली होती.

मग त्यांना सगळं सांगितलं, तिथेच. खिळीचं, ओरखड्यांचं, कॉफी ओतताना हसलो त्याचंही. कौको पिशवीचा पट्टा नीट करत म्हणाला, "पोलिसांना सांग. आणि तिला आधी." मग तिघंही आले तसे परत गेले, आता सावकाश.

तिथून सरळ ओनेर्वाकडे गेलो. दारावर टकटक करायच्या आधीच तिने दार उघडलं. अंगावर सुलोचा कोट, पायात सुलोचे बूट. चुलीवर कॉफी होती. रायकू दाराशी उभा होता, कान ताठ.

"तीन ऐकले," ती म्हणाली. "रायकू उठला. मी पायरीवर आले. बूट घालून झाल्यावर आठवलं की तो नाहीय."

मी बसलो आणि सांगितलं. ती माझं सांगून संपल्यावर म्हणाली, "मीच म्हटलं होतं, काढता येऊ नये असं कर."

"तू डब्याचं म्हणालीस. बंदूक मुकी कर असं म्हणाली नव्हतीस. त्याला सांगितलं नाही, ते मी."

"त्याने विचारलं होतं का तुला?"

"विचारलं होतं. हाक मारायची झाली तर, असं."

तिने कोट काढला नाही. खिडकीतून बाहेर बघत होती, दलदलीच्या दिशेला, जरी इथून ती दिसत नाही.

"आज किती वेळात आले ते?"

सांगावं लागलं. "सतरा मिनिटं."

तिने चुलीवरची किटली उचलली, सगळी कॉफी सिंकमध्ये ओतून दिली, आणि येऊन माझ्यासमोर बसली.